दहा चाकी की घोडा-ट्रॉला: शेठ नवी गाडी देत असेल तर

गेल्या आठवड्यात पारोळ्याहून भाच्याचा फोन आला. त्याचा शेठ त्याला दहा चाकीवरून उतरवून बावीस चाकी ट्रॉल्यावर बसवतोय. "मामा, गाडी लेऊ का नको?" फोनवर मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नऊ महिन्यांपूर्वी हाच प्रश्न माझ्यापुढे होता आणि मी नवी गाडी बघून चावी घेऊन मोकळा झालो होतो. १७ वर्षं दहा चाकी चालवली, आता घोडा-ट्रॉला, म्हणजे पुढे इंजिन-केबिनचा घोडा आणि मागे त्याला जोडलेला लांब ट्रॉला. जुन्या गाडीची सवय अजून हातात आहे तोवर दोन्हींचं लिहून ठेवतो.

सपाट रस्त्यावर वजनाची धास्ती घेऊ नका. २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलमागचं वजन वाढवलं, तेव्हापासून दहा चाकी मालासकट २८ टनांच्या आसपास जाते आणि बावीस चाकी ट्रॉला ५५ टनांपर्यंत. आकडा दुप्पट आहे, पण तो इंजिन ओढतं. ड्रायव्हरच्या अंगावर येते ती लांबी. दहा चाकी ज्या कोपऱ्यावर सहज वळते, तिथे ट्रॉल्याची मागची चाकं आतून कापत येतात. घोडा वळून पुढे गेलेला असतो आणि मागे मोटारसायकलवाला कोपऱ्यात अडकलेला असतो. धुळ्यात आणि मालेगावात वळताना डावा आरसा सोडायचा नाही, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकलो.

रिव्हर्सचं तर सगळं शिक्षण नव्याने घ्यावं लागतं. ट्रॉला डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे कापायचं, आणि तो वळायला लागला की लगेच घोडा त्याच्या मागे आणायचा. उशीर झाला की घोडा आणि ट्रॉला कात्रीसारखे मिटतात. पहिल्याच महिन्यात एका गोदामाच्या गेटवर मला दीड तास लागला. मागे सात गाड्या हॉर्न देत होत्या. १७ वर्षांचा ड्रायव्हर मी, पण त्या दिवशी हात थरथरले. दहा चाकीत मी डोळे झाकून धक्क्याला लावायचो.

आता केबिन. माझी जुनी गाडी बीएस फोर, म्हणजे धुराच्या जुन्या नियमांची, एसी नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ ला टेकतो, खालून इंजिनची धग, मानेवर ओला गमछा, आणि तो सुद्धा वीस मिनिटांत वाळायचा. २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन बंधनकारक झाली आहे, त्यामुळे तुम्हाला मिळेल ती नवी गाडी थंडच असेल. हवेवर झुलणारी सीट, मागे झोपायला सरळ गादी. माझी कंबर दोन महिन्यांत सुधारली. यात तुलना करण्यासारखं काही नाही, ट्रॉला जिंकतो.

पण नव्या गाडीचं इंजिन बीएस सिक्स आहे, त्याची शिस्त वेगळी. डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रव, वेगळं भरावं लागतं. माझ्या गाडीला १०० लिटर डिझेलमागे साधारण ५ लिटर लागतं. ते संपलं तर इंजिनची ताकदच उतरते, घाटात गाडी मान टाकते. सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी गाडी स्वतः जाळते, त्या वेळी समोर एक दिवा लागतो आणि बाहेर पडणारा धूर भयंकर तापलेला असतो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला कुठे पऱ्हाटी पडलेली, कुठे केळीची वाळलेली पानं. तो दिवा लागलेला असताना तिथे गाडी उभी करू नका. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पानं धुमसायला लागल्यावर कळलं.

आता घाट, कारण जीव तिथे जातो. सेंधव्याहून शिरपूरकडे उतरताना बिजासन घाट लागतो. ४ जुलै २०२३ ला त्याच रस्त्यावर पळासनेरजवळ ब्रेक गेलेला कंटेनर हॉटेलात शिरला, किमान १० माणसं गेली. त्यानंतर मी त्या उतारावर कधी गप्पा मारत गाडी चालवली नाही. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचा, हे दोन्ही गाड्यांना लागू. फरक एवढा की दहा चाकीत चूक झाली तर सावरायला थोडी जागा असते. ट्रॉल्यात मागचे ४० टन घोड्याला ढकलत असतात. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ड्रम तापतात, वास येतो, आणि मग पायाखाली काहीच लागत नाही. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा ब्रेक, वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावा. पावसात ट्रॉला रिकामा असेल तर आणखी जपून, कारण रिकामा ट्रॉला भरलेल्यापेक्षा लवकर घसरतो. कन्नडच्या घाटाचा प्रश्न दोघांनाही नाही, हायकोर्टाने २०२३ मध्ये जड वाहनांना तिथे बंदी घातल्यापासून फेराच आहे.

ट्रॉल्याला एक काम जास्तीचं, जोडणी. घोडा मागे घेतला, खट्ट आवाज आला, की बरेच जण निघतात. मी खाली वाकून टॉर्च मारतो. किंग पिनभोवती, म्हणजे ट्रॉल्याखालच्या जोडणीच्या खुंटाभोवती, घोड्याचा जबडा पूर्ण मिटलाय का, घोडा आणि ट्रॉल्यामध्ये फट दिसते का, ते बघतो. मग ट्रॉल्याचे ब्रेक लावून घोडा हळूच पुढे खेचून बघतो. सोडताना ट्रॉल्याच्या पायांखाली जाड फळी ठेवतो. उन्हाळ्यात एकदा फळीशिवाय सोडला, तर सकाळी एक पाय मऊ झालेल्या डांबरात चार बोटं रुतलेला आणि ट्रॉला एका बाजूला कललेला. काळ्या मातीत पावसाळ्यात तर विचारूच नका.

माल कोणता, यावर माझं मत ठाम आहे. सावदा-रावेरची केळी भरायची असतील तर दहा चाकीच ठेवा. शेताच्या वाटेला ट्रॉला जातच नाही, आणि केळी दिल्लीला वेळेत पोचली नाही तर व्यापारी भाडं कापतो. जळगाव एमआयडीसीतल्या पाइपवाल्यांचा कच्चा माल न्हावा शेव्याहून कंटेनरमध्ये आणायचा असेल तर ट्रॉला घ्या. मात्र बंदराच्या रांगेत एक-दोन दिवस सहज जातात. शेठ ट्रिपवर पैसे देणार असेल तर थांबलेल्या दिवसाचा भत्ता आधीच ठरवा, आणि सोबत क्लीनर देणार का, तेही विचारा. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत होता, तो दिवसाला ८ तास म्हणायचा. तो वेळ कोण मोजतं, मला अजून दिसलं नाही, म्हणून बोलणी आपणच करायची.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. माझं गाव एरंडोल तालुक्यात, हायवेपासून ६ किलोमीटर आत. दहा चाकी मी गावच्या स्टँडवर लावायचो, घरची भाकरी खाऊन पहाटे निघायचो. ट्रॉला त्या रस्त्यावर वळत नाही. कंटेनर भरलेला असला की तो सोडून जाताही येत नाही. ढाब्यावर गाडी लावतो, गावाकडचे दिवे दिसतात, आणि मी एसी केबिनमध्ये झोपतो. आईला हे अजून पटत नाही.

रविवारी माझी गाडी एमआयडीसीत रिकामी उभी असते. भाच्याला म्हटलं, ये, आधी दहा वेळा रिव्हर्स घे, मग शेठला उत्तर दे.