स्पॅनिश इम्परफेक्टोसाठी हाताने केलेली कार्डं: सात महिन्यांनंतर

दादरहून आणलेली कोरी कार्डं, एक रबरबँड आणि दोन रंगांची पेनं. एवढ्यावर मी सात महिने स्पॅनिशचा इम्परफेक्टो, म्हणजे 'करायचो', 'करत होतो' असा भूतकाळ, घोकतेय. बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये बसायला मिळालं की गठ्ठा बाहेर निघतो.

पहिला महिना वाया गेला. एकेका कार्डावर मी अख्खा तक्ता लिहिला होता, जसा आब्लार (बोलणं) या क्रियापदाचा: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. ओळीने म्हणता यायचं, पण 'आम्ही बोलायचो' एवढंच हवं असलं की पहिल्यापासून सुरुवात. मग ती कार्डं फाडली आणि पुढच्या बाजूला मराठी वाक्यं लिहिली. 'आजी रोज तुळशीला पाणी घालायची.' मागे एकच शब्द, रेगाबा. तिथून जमायला लागलं.

खरं तर हा काळ आपल्या अंगवळणी पडलेलाच आहे. 'जायचो', 'जात असे', 'जात होतो' या तिन्हींना स्पॅनिशमध्ये एकच रूप पुरतं, आणि 'जायचो-जायचे' असा लिंगभेदही नाही. 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांना 'आबा', 'एर' आणि 'इर'वाल्यांना 'ईआ': कोमेरचं (खाणं) कोमीआ, दोर्मिरचं (झोपणं) दोर्मीआ. वर्तमानकाळात दुएर्मो होऊन छळणारं दोर्मिर इथे किती सरळ वागतं! अनियमित तीनच: सेर (असणं), इर (जाणं), वेर (पाहणं). 'मी' आणि 'ती'चं रूप सारखंच असल्यामुळे कर्ता मात्र कार्डावर लिहायलाच हवा.

उच्चार कार्डांतून येत नाही. मी कितीतरी दिवस 'कोम्या' म्हणत होते. ते को-मी-आ आहे, जोर 'मी'वर. आब्लाबामोसमध्ये जोर 'ला'वर. हे घरी मोठ्याने म्हणूनच सुटलं.

सगळ्यात जास्त चुका मात्र मराठीनेच करवल्या. 'मी गिरगावात तीन वर्षं राहत होते' याचं मी बिनधास्त 'विवीआ' करायचे. मुदत सांगून संपवलेला काळ असला की स्पॅनिशमध्ये साधारणपणे 'विवी' लागतं, म्हणजे दुसराच भूतकाळ. उलट 'पाऊस पडत होता, तेव्हा मी निघाले' यात पाऊस 'योवीआ' आणि निघणं 'साली'. नुसती रूपं पाठ करून ही निवड कळत नाही. त्यासाठी तीस पिवळी कार्डं वेगळी केली, प्रत्येकावर दोन्ही काळ असलेलं एक वाक्य. त्यातली निम्मी अजून चुकतात. ती गठ्ठ्यात सगळ्यात वर असतात.