घरचा मसाला ऑनलाइन विकायचा: मार्केटप्लेस की व्हॉट्सॲप?

घरी मसाले, चटण्या करून विकणाऱ्यांनी ऑनलाइन जावं का, हा प्रश्न आता उरलेला नाही. कुठून जायचं, एवढंच ठरवायचं असतं. एक तर ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या मोठ्या मार्केटप्लेसवर विक्रेता म्हणून नोंदणी करायची, नाहीतर व्हॉट्सॲप बिझनेस, यूपीआय आणि ओळखीचा कुरिअरवाला यांवर चालवायचं. आमच्याकडे दोन्ही चालू आहे. कांदा-लसूण मसाला बायको आणि वहिनी करतात, विक्रीचं मी बघतो. त्यामुळे पुढचं सगळं मसाल्याच्या अनुभवावरून आहे. तुम्ही साबण किंवा पणत्या विकत असाल तर गणित वेगळं असू शकेल.

आधी कागदपत्रांचं, कारण व्हॉट्सॲपवर विकलं की काहीच लागत नाही अशी बऱ्याच जणांची समजूत असते. एफएसएसएआय, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी नंबर पाकिटावर दोन्हीकडे हवाच. जीएसटीचं असं की पूर्वी मार्केटप्लेसवर रुपयाचा माल विकायलाही नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून उलाढाल मर्यादेत असेल आणि माल राज्यातच विकायचा असेल तर सूट मिळते. पण पुण्यासोबत बेंगळुरूलाही मसाला पाठवायचा असेल तर नोंदणी लागते, आणि ती व्हॉट्सॲपवरच्या विक्रीलाही तितकीच लागते. हा दुसरा भाग लोक सोयीस्करपणे विसरतात.

मार्केटप्लेसचा खरा फायदा म्हणजे अनोळखी गिऱ्हाईक. हैदराबाद, गुरुग्राममध्ये नोकरीला गेलेली मुलं रात्री मोबाइलवर ‘कांदा लसूण मसाला’ शोधतात आणि ज्यांनी आपलं नावही ऐकलेलं नाही त्यांच्याकडून ऑर्डर येते. हे व्हॉट्सॲपला जमत नाही. शिवाय माल न्यायला माणूस दारात येतो, पत्ता चुकला तर ते बघतात, आणि गिऱ्हाइकाला पैसे बुडण्याची भीती नसते.

पैशाचं मात्र आधीच कागदावर मांडून बघा. कमिशन, प्रत्येक ऑर्डरमागची ठरावीक फी, शिपिंग, या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी, आणि वर टीसीएस, म्हणजे मार्केटप्लेस विक्रीच्या रकमेतून कापून सरकारला भरतं तो कर. तो पूर्वी एक टक्का कापायचे, जुलै 2024 पासून अर्धा. जीएसटी नोंदणी नसेल तर फीवर भरलेला कर वळताही करून घेता येत नाही. शंभर-दोनशे ग्रॅमच्या पाकिटात मग हाती काय उरतं ते बघून वहिनी एकदा म्हणाली होती, “एवढ्यात मिरची कांडप करणाराच बरा कमावतो.”

वजनाची एक गोष्ट दोन्ही मार्गांना लागू आहे. कुरिअरचे स्लॅब असतात. अर्धा किलो मसाला, त्याची पिशवी आणि वरचा डबा मिळून वजन 500 ग्रॅमच्या पुढे जातं आणि भाडं पुढच्या स्लॅबचं लागतं. म्हणून आम्ही 400 ग्रॅमचं पाकीट काढलं. मसाल्याला तेल सुटतं, तेव्हा आत जाड पिशवी आणि दुहेरी सील हवंच. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग दिसला की गिऱ्हाईक मसाला चाखायच्या आधीच नाराज होतं.

व्हॉट्सॲपवर पैसे पूर्ण मिळतात आणि लगेच मिळतात. जानेवारी 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेतलं जात नाही, त्यामुळे पाचशे म्हणजे पाचशेच. कटकटी मात्र भरपूर. रात्री साडेअकराला नुसतं “रेट?” येतं. पत्त्यात “मारुती मंदिराच्या मागे” असतं, पिनकोड नसतो. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट येतो, पण बँकेत रक्कम दिसल्याशिवाय माल बांधायचा नाही हे घरात सगळ्यांना पाठ करून घ्यावं लागतं. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 नंबर बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरला मी सगळ्यांना विनंती करतो की नंबर सेव्ह करा. निम्मे करतात.

एवढं वाचून पारडं मार्केटप्लेसकडे झुकेल. माझंही झुकलं असतं, पण एका गोष्टीने फार वैताग दिला. तिथलं गिऱ्हाईक आपलं नसतं.

एका ऑर्डरवर एक स्टार आला. खाली लिहिलेलं, “खूप तिखट.” बास. आता या मसाल्यात रंगाला ब्याडगी मिरची, चवीला संकेश्वरी आणि तिखटाला लवंगी असते, आणि लवंगी किती घालायची हे घराघरावर असतं. त्या बाईंशी दोन मिनिटं बोलता आलं असतं तर पुढच्या खेपेला कमी लवंगीचा मसाला दिला असता. पण कुरिअरच्या लेबलवर त्यांचा फोन नंबर नसतो. मी उत्तर लिहिलं, ते त्यांनी वाचलं की नाही कळायला मार्ग नाही. पाकिटात आपल्या नंबरची चिठ्ठी घालून गिऱ्हाईक बाहेर वळवायला तिथल्या नियमांत मनाई असते. गंमत म्हणजे वजनमापे कायद्याप्रमाणे तक्रारीसाठीचा फोन नंबर पाकिटावर छापावाच लागतो. तेवढ्या एका बारीक ओळीतून काही जण शोधत आमच्यापर्यंत आलेही, आणि ते आजतागायत टिकून आहेत.

हेच फोनवर कसं होतं बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मिरची बाजारात आली की जुन्या गिऱ्हाइकांचे मेसेज सुरू होतात. “यंदा दोन किलो. सासऱ्यांना पित्ताचा त्रास आहे, लवंगी निम्मी करा.” आम्ही वहीत नावापुढे लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी त्यांनी सांगायच्या आधीच विचारतो, “निम्मीच ना?” असं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही, आणि जाहिरातीलाही पैसे लागत नाहीत.

दुसरं थोडं छोटं कारण हंगामाचं. आमचं वर्षाचं काम उन्हाळ्यात होतं, गणपतीपर्यंत बराचसा माल संपतो. मार्केटप्लेसवर साठा शून्य झाला की शोधात आपण खाली जातो असा माझा अनुभव आहे. परत माल टाकला तरी वर यायला वेळ लागतो, नाहीतर जाहिरात घ्यावी लागते. बारमाही माल असणाऱ्यांना हे कदाचित जाणवणार नाही.

मधला पर्याय म्हणून ओएनडीसी या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या खुल्या जाळ्याबद्दल लोक विचारतात. 2021 च्या अखेरीस सरकारच्या पुढाकाराने ही कंपनी स्थापन झाली. खरेदीचं ॲप एकाचं आणि विक्रीचं दुसऱ्याचं असलं तरी व्यवहार व्हावा, ही कल्पना मला आवडते. आमच्या ऑर्डरी तिथून फारशा आल्या नाहीत, तेव्हा जास्त बोलत नाही.

तर, तुमचा माल एकदाच घेण्यासारखा असेल, भेटवस्तूसारखा, किंवा ओळखीचं वर्तुळ अगदीच लहान असेल, तर मार्केटप्लेसने सुरुवात करायला हरकत नाही. मेसेजला उत्तर देणारं घरात कुणीच नसेल तरीही तेच बरं. पण माल दरवर्षी लागणारा असेल, आणि प्रत्येक घराची चव वेगळी असेल, तर मी तरी फोनच्या बाजूने आहे.

मार्केटप्लेसवरचं खातं आम्ही बंद केलेलं नाही. तिथे फक्त मध्यम तिखटाचं 400 ग्रॅमचं पाकीट ठेवलंय, किंमत सगळी कापाकापी धरून लावलेली. किलोचा मसाला तिथे टाकतच नाही. आणि पाकिटावरची ती तक्रारीची ओळ नवीन लेबल छापताना जरा ठळक करून घेतली आहे.