लोनवर घेतलेली मारवाडी घोडी, नाशिक: ८ महिन्यांनंतरचा अनुभव

जुलैच्या पहिल्या आठवड्यात घोडी माझ्याकडे आली, आता मार्च लागलाय, म्हणजे आठ महिने झाले. ऑगस्टमध्ये लिहायला घेतलं असतं तर पाचपैकी दोन स्टार दिले असते, ऑक्टोबरमध्ये पाचच्या पाच, आणि डिसेंबरमध्ये हात प्लास्टरमध्ये असताना लिहिलं असतं तर चुकूनही लोनवर घोडा घेऊ नका एवढंच लिहिलं असतं. थांबले ते बरं झालं, कारण खरं काय ते जानेवारीत कळलं.

आधी व्यवस्था सांगते. लोनवर म्हणजे बँकेचं कर्ज काढून नव्हे, घोडी विकत घेतलेली नाही, मालकी त्यांचीच, सांभाळायची आणि बसायचं मी. मालक ओळखीतले आहेत, त्यांचा वरातीला घोडे आणि बग्गी द्यायचा धंदा आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, घोडे नुसते उभे राहून खातात, म्हणून ते म्हणाले ताई तुम्ही न्या, बसा, चारा-नाल-डॉक्टर तुमचं, वर मला महिन्याला तीन हजार द्या, फक्त लग्नाची तारीख असली की मी आदल्या दिवशी येऊन घेऊन जाईन. हे शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि हो हो म्हणून सोडून दिलं. पुढचं सगळं त्याच वाक्यात होतं.

घोडी मखमलाबादला काकांच्या मळ्यात असते. नाव हरणी, कुमैत रंग, वय नऊ, उंची खांद्याला ५८ इंच, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. कान एकदम मारवाडी, टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. मी स्वतः तीन वर्षं घोडेस्वारीच्या क्लबमध्ये शिकलेय, वजन ५८ किलो, म्हणजे खोगीर धरून तिच्यावर जास्त भार पडत नाही (घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या वर भार नको असं धरतात). दुडकी आणि संथ दौड यात मला अडचण नाही, पण बिथरलेला घोडा मी आधी कधी एकटीने सांभाळलेला नव्हता हेही सांगते, कारण तुम्ही कोणत्या लेव्हलला आहात यावर बरंच अवलंबून आहे.

पहिले दोन महिने नुसता त्रास. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला गेलं की चावायला यायची, डावीकडे वळवलं की मान झटकायची, चढून बसलं की पाठ कमानीसारखी वर करून मागचे पाय झाडायची. येणारा जाणारा प्रत्येकजण सल्ला देऊन गेला. एकाने डोळ्याखालचा केसांचा भोवरा बघून आसूढाळ, म्हणजे अशुभ आहे म्हणून सांगितलं, असली घोडी दारात ठेवू नका. दुसऱ्याने काठी दाखवली. काकू म्हणाली माजावर असेल, सोड दोन दिवस. मी भोवऱ्यावर विश्वास ठेवत नाही पण दीडशे जणांनी सांगितलं की मनात येतंच, त्यामुळे डॉक्टरना बोलावलं आणि हा खर्च मी केलेला सगळ्यात चांगला खर्च आहे.

डॉक्टरांनी तोंड उघडून दात दाखवले. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि दात आयुष्यभर वर येत राहतात, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजत नाही, तिथे धार येते. हिच्या डाव्या गालात आतून जखम होती, माझं बोट लागलं तर मलाही टोचलं. म्हणजे डावा लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जायचा आणि मी समजत होते डावीकडे वळायला अडेलपणा करतेय. कानशीने दात घासून घेतले, आता वर्षातून एकदा तरी बघायचे. मग खोगीर. घाम आल्यावर खोगीर काढून पाठ बघा, सगळीकडे ओलं आणि मध्येच कोरडा डाग असेल तर तिथे दाब पडतोय. हिच्या खांद्याच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना कोरडे डाग होते आणि केसही थोडे पांढरे झालेले, म्हणजे हे दुखणं माझ्याआधीपासूनचं. मालकांनी दिलेलं खोगीर परत केलं, क्लबमधून जुनं रुंद सांगाड्याचं घेतलं.

चाऱ्यातही बदल केला. पूर्वी सकाळ-संध्याकाळ चंदी (दाणा) आणि मध्ये बरेच तास रिकामं पोट असं चालायचं. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, खाणं असो वा नसो, म्हणून थोडा थोडा चारा दिवसभर पुढ्यात लागतो. आता कडबा आणि लसूणघास जाळीच्या पिशवीत टांगते, भिजवलेला हरभरा कमी केला. हरभरा म्हणजे ताकद ही आपल्याकडे पक्की समजूत आहे, पण काम नसलेल्या घोड्याला भारंभार हरभरा दिला की ती ताकद तुमच्याच अंगावर येते.

सप्टेंबर-ऑक्टोबर सोन्यासारखे गेले. तंग आवळताना चावणं बंद, झाडणं बंद. सकाळी साडेसहाला पाटाच्या रस्त्याने निघायचं, रामशेजच्या बाजूला ढग उतरलेले असायचे, ती रहवाल या मऊ चालीत जायची तेव्हा मांडीला धक्का म्हणून बसायचा नाही. ऑफिसला येऊन दिवसभर अंगाला तिचा वास यायचा आणि मला तो हवा असायचा. त्या दोन महिन्यांसाठी मी अजूनही हे सगळं परत करेन.

मग तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली.

पहिल्या तारखेला मालक घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी आणून सोडली. जिभेवर बारीक जखम, डोळे मोठे झालेले. बसले तर चार पावलं गेली आणि पुढचे पाय उचलले. मला वाटलं थकलीये, दोन दिवस सोडली, हळूहळू नीट झाली, परत तारीख आली, परत तेच. मी सुरुवातीपासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिच्या वागण्याची खूण करत होते, चांगला दिवस हिरवा, वाईट लाल, कारण काकूचं माजाचं म्हणणं तपासायचं होतं. घोडीचं चक्र साधारण २१ दिवसांचं असतं, तसे लाल दिवस २१-२१ ला यायला हवे होते. ते येत नव्हते. एक दिवस दुधाचा हिशोब लिहिताना लक्षात आलं की लाल खुणा कुठे आहेत तर विवाह मुहूर्त छापलेल्या तारखांच्या मागोमाग, दोन-दोन तीन-तीन दिवस. मी तिथेच गॅस बंद करून नोव्हेंबरचं पान परत उलटून बघितलं.

एवढं कळूनही मी बसत राहिले ही माझी चूक. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाटाच्या रस्त्यावर शेजारच्या बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर एकदम सुरू झाला. द्राक्षाच्या फवारणीचा ब्लोअर नाशिककरांना माहीत आहे, किती आवाज येतो ते. ती दचकली. मी जे कोणीही करेल तेच केलं, लगाम आखडला आणि दोन्ही पाय पोटाला घट्ट लावले. ती सरळ उभी राहिली. मागच्या दोन पायांवर, पूर्ण. मी मागे घसरले आणि डाव्या हातावर पडले, मनगटाला बारीक फ्रॅक्चर, हेल्मेटला मागून तडा. हेल्मेट नसतं तर आज हे लिहायला नसते, त्यामुळे त्यावर वाद घालू नका. घोडा उभा राहिला की लगाम सोडून मानेवर पुढे झुकायचं असतं, ओढलं तर तो तुमच्यासकट मागे उलटू शकतो. मला हे माहीत होतं, तरी त्या सेकंदाला हात ओढायलाच गेले.

घरात साहजिकच गोंधळ. यांनी स्पष्ट सांगितलं परत करून टाक. सासूबाई काही बोलल्या नाहीत, रोज हळदीचं दूध देत राहिल्या, त्याने जास्त वाईट वाटलं. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत हरणीवर बसवायचं कबूल केलं होतं. ते मी त्याच दिवशी रद्द केलं आणि ते आजही रद्द आहे.

जानेवारीत प्लास्टर निघाल्यावर काकांनी सिन्नरकडच्या एका म्हाताऱ्या मोतद्दारांना (घोडे सांभाळणाऱ्यांना) बोलावलं, आम्ही त्यांना आबा म्हणतो. माझं सगळं ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. हरणीला दाव्यातून सोडलं, लगाम आखूड धरला, जिभेने टक-टक आवाज काढला आणि काठीचं टोक नुसतं पोटाला टाच लागते तिथे लावलं. घोडीने पुढचे पाय उचलले आणि तालात आपटायला लागली, एक-दोन, एक-दोन. मग मान वळवून त्यांच्या खिशाकडे बघायला लागली. आबा म्हणाले, "पोरी, ही नाचाची घोडी हाय. टाच आन् लगाम एकदम लागला की उभं ऱ्हायचं, मंग गूळ भेटतो. तू इचारलं, तिनं उत्तर दिलं."

मला रडू आलं, खरंच. सहा महिने मी तिला खोडकर म्हणत होते. ब्लोअरला घाबरून ती दचकली ते खरं, पण उभी राहिली ती माझ्या खुणेवरून. क्लबमध्ये आम्हाला शिकवतात की पाय लावला म्हणजे पुढे चल आणि लगाम घेतला म्हणजे थांब, आणि घाबरलं की माणूस दोन्ही एकदम करतो. वरातीत बरोबर तीच खूण डीजेसमोर उभं राहायची, तीही काटेरी लगाम लावून, म्हणून जिभेची जखम. एकाच घोडीला दोन घरी दोन भाषा आणि चुकलं की दोन्हीकडे मार.

आबांच्या सांगण्याप्रमाणे खुणा वेगळ्या केल्या. पुढे जायला पाय नाही, फक्त आवाज, "चल". थांबायला आधी श्वास सोडून जड बसायचं, मग एकच लगाम, दोन्ही कधीच नाही. दचकली तर एका लगामाने गोल फिरवायचं. हे सगळं आधी जमिनीवरून लांब दोरीवर, रोज वीस मिनिटं. दहा-बारा दिवसांत फरक दिसतो, दिसलाच. पण जानेवारी-फेब्रुवारीत ती सात वेळा वरातीला गेली आणि दर वेळी आम्ही शून्यावर. मालकांवर माझा राग नाही, त्यांचं घर त्यावर चालतं आणि घोडी त्यांची आहे. काटेरी लगामाबद्दल मात्र मी त्यांच्याशी भांडले, आणि पुढेही भांडणार. ते म्हणतात गर्दीत पोरं शेपूट ओढतात, फटाके फोडतात, तिथे साधा लगाम लावला आणि घोडी उधळली तर जबाबदार कोण. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाहीये, पण जखम बघितल्यावर गप्पही बसवत नाही.

तर आता बसायचं की नाही. मी ठरवलंय की लग्नसराई संपेपर्यंत पाठीवर बसणार नाही. जमिनीवरचं काम, खरारा (ब्रशने अंग घासणं), पाटावरून हातात धरून चालवणं एवढंच. परत देऊन टाकायचाही विचार दोनदा पक्का केला होता, एकदा तर टेम्पोही सांगितला होता. पण परत दिली तर ती वर्षभर वरातीतच जाणार, आणि दात कोण बघणार. दुसरीकडे फक्त दया येते म्हणून बिथरणाऱ्या घोडीवर बसणं हाही वेडेपणा आहे, मला मूल आहे, सकाळी आठला डबे असतात. म्हणून मधला मार्ग काढला असं कुणी म्हणेल, पण मला तो मधला वाटत नाही. तिच्यावर कोणत्या दिवशी कोण बसलं होतं हे मला माहीत नसेल तर मी तिच्यावर बसू शकत नाही, एवढं साधं आहे.

लोनवर घ्यायचा विचार असेल तर पैशाचं नंतर बोला, आधी विचारा की घोडा आधी काय काम करायचा, तुमच्याकडे असताना आणखी कुठे जाणार आहे का, आणि तिथे तोंडात कोणता लगाम असतो. मालकाला त्याचं खोगीर घालून स्वतः बसून दाखवायला सांगा. तो बसत नसेल तर तुम्हीही बसू नका. नाल दीड-दोन महिन्यांनी बदलावी लागते आणि धनुर्वाताची लस घोड्याला द्यावीच लागते, हे कोण करणार ते कागदावर लिहून घ्या, आमचं सगळं तोंडी होतं.

गेल्या आठवड्यात मालकांशी परत बोलणं झालं. मी सांगितलं, येत्या चातुर्मासानंतर तिला वरातीला पाठवणार असाल तर तुळशीच्या लग्नाआधी मी ती परत करेन, आणि पाठवणार नसाल तर पैसे वाढवून देईन, नाहीतर विकतच घेईन. ते येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात दुसरी घोडी बघतायत. मिळाली तर हरणी माझी, असं म्हणालेत. पण मी त्यांना एक अट घातली, नवी घोडी आणाल तिचेही दात आमचे डॉक्टर बघतील, पैसे मी देईन. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले बरं ताई, बघू.