फुले योजनेवर भागेल, की स्वतःचा फ्लोटरही घ्यावा?

जुलै २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना रेशनकार्डाचा रंग बघत नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. मग दरवर्षी हप्ता भरून मेडिक्लेम किंवा फ्लोटर (अख्ख्या कुटुंबाची एकच खासगी आरोग्यविमा पॉलिसी) कशाला, हा प्रश्न पांढऱ्या कार्डवाल्या घरांतही रास्त आहे.

पैशाच्या हिशेबात योजनेला तोड नाही. हप्ता शून्य, वयाची अट नाही, जुना मधुमेह असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार. खासगी पॉलिसीत जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तरी साठीपुढच्या आईवडिलांचा हप्ता पुष्कळ घरांना झेपत नाही. बायपास, डायलिसिस, केमोथेरपी अशा आधी ठरवून करता येणाऱ्या उपचारांसाठी योजनाच पहिली बघावी.

माझा कौल फिरला तो ‘अंगीकृत’, म्हणजे योजनेशी जोडलेलं, या शब्दापाशी. रुग्णालय योजनेत आहे म्हणजे त्याचे सगळे विभाग योजनेत आहेत, असं नसतं. दारात योजनेचा फलक असतो, हृदयरोग विभाग अंगीकृत असतो, आणि त्याच इमारतीतला अस्थिरोग विभाग नसतो. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथे नेलं की दोनच वाटा उरतात. रोख भरून तिथेच ऑपरेशन करायचं, नाहीतर पायाला आधार बांधून पुन्हा अँब्युलन्समध्ये घालायचं. रोख भरले तर ते गेलेच, कारण अंगीकृत नसलेल्या ठिकाणची बिलं जोडून योजनेकडून पैसे परत मागता येत नाहीत. योजना पॅकेजची रक्कम थेट रुग्णालयाला देते. खासगी पॉलिसीत कंपनीच्या नेटवर्कबाहेर, म्हणजे तिच्याशी न जोडलेल्या रुग्णालयात दाखल झालं तरी नंतर बिलं देऊन रिइम्बर्समेंट, म्हणजे खर्चाची भरपाई मागता येते. वेळ पाहून न येणाऱ्या दुखण्यात मला हाच फरक मोठा वाटतो.

म्हणून योजनेवर विसंबायचं असेल तर घराजवळच्या दोन-तीन रुग्णालयांत आजच आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनिसाला, गाठा. ‘योजना आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘हाडांसाठी आहे का, मेंदूसाठी आहे का?’ असं विभागवार विचारा. १५५३८८ या हेल्पलाइनवरही चौकशी होते. रेशनकार्डावर सुनेचं आणि बाळाचं नाव चढवून घ्या, आधारवरच्या नावाशी जुळवा. ऐन दाखल करताना अर्जाचं घोडं बहुधा इथेच अडतं.

फ्लोटरही डोळे मिटून घेऊ नये. खोलीभाड्याची मर्यादा आधी वाचा. ५ लाखांच्या पॉलिसीत ती १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० असेल आणि खोली ८,००० ची घेतली, तर फक्त भाड्यातले ३,००० कापून भागत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचेही आठातले पाचच भाग मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू नये असा नियम आहे. बिल हातात आल्यावर ते तपासून घ्या. शक्यतो अशी मर्यादा नसलेलीच पॉलिसी बघा.

‘योजनेचे ५ लाख आहेतच, वर ५ लाख डिडक्टिबलचा स्वस्त सुपर टॉप-अप घेतला की झालं,’ ही बेरीजही ऐकायला येते. सुपर टॉप-अप म्हणजे ठरलेल्या रकमेच्या (डिडक्टिबलच्या) वरचाच खर्च देणारी पॉलिसी. योजनेत नसलेल्या रुग्णालयात पहिले ५ लाख खिशातूनच जातात, तेव्हा ही बेरीज कोलमडते. सुपर टॉप-अप बेस पॉलिसीवरच, म्हणजे सुरुवातीचा खर्च उचलणाऱ्या पॉलिसीवरच शोभतो.

नियमित पगार असलेल्या, तिशी-चाळिशीतल्या जोडप्याने योजनेचं कार्ड तयार ठेवून स्वतःचा लहानसा फ्लोटर घ्यावा, असं मी सुचवेन; मीही तेच निवडलं. आईवडिलांना त्यात शक्यतो ओढू नका, कारण सगळ्यांत वयस्कर सभासदाच्या वयावर हप्ता ठरतो. त्यांनी सत्तरी गाठली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांसाठीचं केंद्र सरकारच्या मोफत उपचारांचं कार्ड, काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि खासगी पॉलिसी असली तरी ते मिळतं.