हवेचा मापक: नागपुरातील घरात नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आईचा दमा दरवर्षी थंडीत उसळतो, म्हणून गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटसाठी घरातील हवा मोजणारा छोटा मापक घेतला. घेताना एकच खात्री करून घेतली, की कार्बन डायऑक्साइड तो इन्फ्रारेड किरणांनी प्रत्यक्ष मोजतो. अनेक स्वस्त उपकरणे इतर वायूंवरून नुसता अंदाज दाखवतात आणि त्यावर विसंबता येत नाही.

पहिला धक्का स्वयंपाकघराने दिला. पीएम २.५ या बारीक धूलिकणांसाठी २४ तासांच्या सरासरीची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना १५ आणि आपले राष्ट्रीय मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर मानते; आमच्याकडे सावजी मसाला तेलात पडला, की दहा मिनिटांत आकडा ३०० च्या पुढे जातो, तोही शेजारच्या खोलीत. आता गॅस बंद केल्यावरही पंधरा मिनिटे एक्झॉस्ट फॅन सुरू ठेवतो, आणि देवघरातली उदबत्ती आई बाल्कनीच्या दाराशी लावते.

खरे शिकवले ते उन्हाळ्याने. हॉलच्या खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो आणि ती समोरच्या उघड्या दारातून निघून जाते, त्यामुळे पाच माणसे बसलेली असतानाही कार्बन डायऑक्साइड ६०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ६०० भाग) आतच राहिला. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० असतो. बेडरूममधला स्प्लिट एसी मात्र खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो. तिथे आम्ही तिघे झोपतो, आणि मे महिन्यातल्या एका पहाटे पाच वाजता मापकावर २,२०० दिसले. सकाळी डोके जड होते, याचा दोष मी इतकी वर्षे नागपूरच्या उन्हाला देत आलो होतो. हेपा फिल्टरचा प्युरिफायर रात्रभर सुरू होता, पण तो कण गाळतो, वायू नाही. शेवटी दार दोन बोटे उघडे ठेवून लगतच्या बाथरूमचा एक्झॉस्ट लावला, तेव्हा आकडा १,१०० च्या आत आला. विजेचे बिल थोडे वाढले, ते मला मान्य आहे.

एक तक्रार मात्र आहे. हा मापक आठवड्यातला सर्वांत कमी आकडा बाहेरच्या हवेचा समजून स्वतःला जुळवून घेतो, त्यामुळे सतत बंद राहणाऱ्या खोलीत तो हळूहळू कमी दाखवू लागतो. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत कुठेही नव्हती आणि विक्रेत्याने दोन ईमेलना उत्तर दिले नाही. आता दर रविवारी सकाळी मी तो अर्धा तास बाल्कनीत सावलीला ठेवतो. पावसाळी दमट हवेत धूलिकणांचा आकडाही फुगतो, कारण ओलाव्याने कणच मोठे होतात. अशा दिवशी मी त्यावरून काही ठरवत नाही.

या थंडीत आईला पंप कमी वेळा घ्यावा लागला. मात्र त्याच सुमारास डॉक्टरांनी औषधही बदलले होते, म्हणून त्याचे श्रेय मी मापकाला देणार नाही. तिच्या उशाशी, नाकाच्या उंचीवर तो आजही ठेवलेला आहे, आणि खिडकी कधी उघडायची हे आता तीच आम्हाला सांगते.