जिममधल्या ‘स्वेट पिंपल किट’चे 9,450 रुपये

घामाच्या पुटकुळ्यांवर म्हणून जिमच्या ट्रेनरनं हे किट गळ्यात मारलं. आधी हिशेब. फेसवॉश 900, सीरम 1,650, नाइट क्रीम 2,450, ‘डिटॉक्स’ गोळ्या 1,500, नोंदणीचे 500. झाले सात हजार. क्रीमची डबी संपल्यावर तीच पुन्हा 2,450 ला. सगळे पैसे यूपीआयनं, ट्रेनरच्या मेव्हण्याच्या खात्यावर. बिल मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा आला.

हसायचंय त्यांनी हसून घ्या. पस्तिशीत कपाळभर पुटकुळ्या घेऊन ऑफिसात बसून बघा एकदा. त्यात परभणीचा मे महिना, पारा चाळिशीच्या पुढं, जिमचा एसी नावाला. ट्रेनर रोज तोंड बघणारा माणूस. त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही तर कुणावर? “घामाचं विष आहे भाऊ, कशाला टेन्शन घ्यायलाव? चार दिवसांत चेहरा क्लीन.”

आणि चार दिवसांत झाला की! तिथंच कळायला पाहिजे होतं. अ‍ॅडापलीन असो की बेंझॉइल पेरॉक्साइड, खऱ्या औषधाचा नीट फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, सुरुवातीला तर कातडी उलट सोलते. लाली-सूज चार दिवसांत गायब करतं ते मलमात मिसळलेलं स्टेरॉइड. डबीवर उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही. नुसतं ‘हर्बल’ आणि एका गोऱ्या बाईचा फोटो. “मध्येच बंद करू नका, परत येतील,” हेही त्यानंच सांगितलेलं. बंद करताच उसळून येणं हीच तर स्टेरॉइडची खूण: आग, लाल गाल, पातळ कातडीतून दिसणाऱ्या शिरा आणि पहिल्यापेक्षा जास्त पुटकुळ्या. अशी डबी वापरात असेल तर मनानं बंद-चालू करू नका, ती घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, नांदेड, लातूर, अंबाजोगाई, सगळीकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचाविभाग आहे.

घामात विष-बिष काही नसतं. घाम, तेल, उष्णता आणि वरून घासणं यानं छिद्रं तुंबतात. हेल्मेटचा पट्टा, घट्ट बांधलेला रुमाल, बेंचवरचा दुसऱ्याचा घाम, त्याच हातानं पुसलेलं कपाळ. घाम टिपायचा, रगडायचा नाही. व्यायाम झाला की लगेच कोमट पाण्यानं, सौम्य फेसवॉशनं धुवायचं; दिवसातून पाच वेळा साबण घासलात तर कातडी चिडते. बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्क्यांचं पुरतं, त्यानं टॉवेलचा रंग उडतो, पांढरा घ्या. कपाळ-छाती-पाठीवर एकसारखे, बारीक, खाजरे दाणे असतील तर ते बहुधा बुरशीचे, त्यांना पिंपलचं औषध लागूच पडत नाही. व्हे प्रोटीनच्या, म्हणजे दुधापासूनच्या पावडरीनं काहींचे पिंपल वाढतात. ते डबे कोण विकायचं? तोच ट्रेनर!

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, “पैसे तुम्हीच पाठवले, लावलंही तुम्हीच.” औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात साहेब दौऱ्यावर. मग साहेब मीटिंगमध्ये. मग “ही डबी फोडलेली आहे, चालत नाही”. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा 1940, कलम 26: विकत घेतलेला माल फी भरून सरकारी विश्लेषकाकडं तपासायला देण्याचा ग्राहकाला हक्क आहे. कारकुनानं हे कलम पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड केलं आणि ‘अर्ज ऑनलाइन करा’ म्हणाला. ऑनलाइन अर्जाचं उत्तर आलं: संबंधित कार्यालयात प्रत्यक्ष जा. पगार कशाचा घेतात हे लोक? स्टेरॉइड मलमं 2018 पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत, आणि इथं डंबेलच्या रॅकशेजारी ती मांडून ठेवलेली.

फसला असाल तर एक डबी न फोडता बाजूला ठेवा, जुनीही फेकू नका. चॅट आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट आजच काढा, हे लोक मेसेज डिलीट करतात. 1915 या हेल्पलाइनवर ग्राहक तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं. आणि मेव्हण्याच्या खात्याचं पूर्ण नाव लिहून ठेवा; नोटीस कुणाच्या नावानं काढायची, हे तिथं आधी विचारतात.