फॉल लावता लावता ऐकलेले ‘थ्री मस्केटिअर्स’

मी घरी शिवणकाम करते. मशीन चालू असलं की काही ऐकू येत नाही, पण फॉल लावणं, हुकं, काजं, हातशिलाई ही कामं मुकाट बसून करायची असतात आणि कान रिकामे राहतात. आधी मी मालिका लावायचे. डोळे वर गेले की टाका तिरका. म्हणून दिवाळीनंतर अलेक्झांडर ड्यूमाची ही कादंबरी फोनवर घेतली. इंग्रजी भाषांतर, न छाटलेलं, साधारण चोवीस तासांचं. आता सात महिने झाले आणि दोनदा ऐकून झालीय.

पहिला आठवडा जडच गेला. मी मोफत आवृत्तीपासून सुरुवात केली होती. त्यात हौशी वाचकांनी प्रकरणं वाटून घेतलेली, आणि नायक दार्तान्याँचं नाव प्रत्येकाच्या तोंडी वेगळं. दोनदा तर मला वाटलं, नवीनच माणूस आला. मग पैसे भरून एकाच निवेदकाची घेतली. मापवहीच्या शेवटच्या पानावर सगळी नावं लिहून काढली, चार शिलेदारांचे चार नोकरसुद्धा. वेग ०.८ वर ठेवला. पंधरा दिवसांनी १ वर आणला, त्यापुढे गेले नाही. गिऱ्हाईक दारात आलेलं कळावं म्हणून एकाच कानात लावते.

शाळेत असताना हिची मराठीतली एक बारीकशी आवृत्ती वाचली होती. त्यातून डोक्यात राहिल्या होत्या फक्त तलवारी. ऐकताना लक्षात आलं की तलवारी उपसल्या जातात त्या बऱ्याचदा कपड्यांवरून! सुरुवातच बघा. १६२५ साल, एप्रिलचा पहिला सोमवार. दार्तान्याँ, फ्रान्सच्या गॅस्कनी भागातला पोरगा, बापाने दिलेल्या पिवळट घोड्यावरून पॅरिसला निघालाय. बापाने बजावलेलं, हा घोडा कधी विकू नकोस. पठ्ठ्या पॅरिसला पोचतो आणि तीन एक्यूंना विकून टाकतो. मग एकाच दिवशी तिघांशी भांडण. अथॉसच्या जखमी खांद्यावर जाऊन आदळतो, बारा वाजता द्वंद्व ठरतं. पोर्थोसच्या झग्यात गुरफटतो आणि आतून त्याचा तलवारीचा पट्टा दिसतो: समोरून सगळी जर, पाठीकडे साधं चामडं. मी मोठ्याने हसले. पुढे ब्रोकेड आणि मागे अस्तराचं कापड लावून ‘कुणाला दिसतंय, पदर असतो ना’ म्हणणाऱ्या बायका मला महिन्यातून दोन तरी भेटतात. पोर्थोसची वेळ एक. अरामिसशी वाद पायाखालच्या भरतकाम केलेल्या रुमालावरून, वेळ दोन.

फ्रान्सच्या राणीच्या हिऱ्यांचंही तेच. तिने इंग्लंडच्या ड्यूक बकिंगहॅमला दिलेले बारा हिरे दार्तान्याँला परत आणायचेत, आणि पेटी उघडल्यावर दोन कमी. ते पडले नाहीत हे बकिंगहॅमला कशावरून कळतं? फीत कात्रीने कापलेली दिसते म्हणून. फीत तुटली तर धागे विस्कटतात आणि कापली तर कड सरळ येते, हे शिवणाऱ्या कुणालाही पटेल. आणि ज्या कॉन्स्टन्समुळे हे सगळं प्रकरण हलतं, ती राणीच्या कपड्यांचं बघणारी बाई. नवरा तिचा दोरे, फिती विकून निवृत्त झालेला दुकानदार. म्हणजे आमच्याच गल्लीतली माणसं.

पुस्तक १८४४ मध्ये पॅरिसच्या ‘ल सिएक्ल’ या दैनिकात क्रमशः आलं, आणि ते कानाला लगेच जाणवतं. सदुसष्ट प्रकरणं, वर एक समारोप. संवादच संवाद, आणि प्रकरण संपताना कुणीतरी दार ठोठावणारच. माझ्या हिशेबाने एका साडीच्या फॉलला अडीच प्रकरणं. अर्ध्यावर साडी संपली की उगीच दुसरी घ्यायचे. त्या महिन्यात फॉलची एकही साडी उशिरा गेली नाही.

तक्रार म्हणाल तर मधली मिलेडीच्या, म्हणजे कथेतल्या खलनायिकेच्या, कैदेची प्रकरणं. पाच दिवसांची कैद, दिवसाला एक प्रकरण, आणि आपले चौघे जवळजवळ गायब. पुस्तक हातात असतं तर मी पानं उलटली असती. पण एका हातात सुई आणि मांडीवर सहा वार, फोनला कोण हात लावणार? ऐकावंच लागलं. आणि दुसऱ्या खेपेला मी फक्त त्याच भागासाठी थांबले होते. पहाऱ्यावरच्या फेल्टनला ती कशी फिरवते! तो कट्टर प्युरिटन, म्हणजे कडक धर्मनिष्ठ ख्रिस्ती पंथातला, म्हणून ही एकटीच असल्यासारखी भजन गात बसते, बाहेर त्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात. निवेदक तिथे आवाज खाली आणतो. ट्यूबलाइटची गुणगुणसुद्धा ऐकू यायला लागते.

शेवट मात्र गमतीचा नाही, हे आधीच सांगते. बेथ्यूनच्या मठात कॉन्स्टन्सला विष दिलं जातं आणि दार्तान्याँ पोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. मग लीस नदीकाठी मिलेडीचा निवाडा. बाई खुनी आहे, मान्य. पण रात्रीच्या अंधारात दुसऱ्याच माणसाचं सोंग घेऊन तिच्या खोलीत शिरणारा हाच दार्तान्याँ होता, ते तिथे कुणी काढत नाही. शाळेतल्या आवृत्तीत हे काहीच नव्हतं. जुन्या इंग्रजी भाषांतरांतही शृंगार बराच सौम्य केलेला असतो, म्हणून घेण्याआधी भाषांतर कधीचं ते बघा.

मधे एकदा फोन अपडेट झाला आणि कुठपर्यंत आलं होतं ती खूण पुसली गेली. तेव्हापासून प्रकरणाचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहिते.

कॉन्स्टन्स गेली त्या दिवशीची मोरपंखी साडी मला उसवून पुन्हा करावी लागली. काठाच्या बाहेर टाके गेले होते. पुढचा भाग, ‘ट्वेंटी इयर्स आफ्टर’, उतरवून ठेवलाय. पण आत्ता पावसाळ्यात मशीनचंच काम आहे, गाऊन आणि शाळेचे गणवेश. तुळशीचं लग्न झालं की साड्या यायला लागतील, तेव्हा लावेन.